परसातली खुडूक कोंबडी

परसातले कोंबडीपालन म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, विकतचे खाद्य न घालता, चार-दोन ते पंधरा-वीस कोंबड्या बाळगणे. या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात, वाळवी, किडे, सांडलेले दाणे आणि खरकटे वेचून खातात आणि दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात येऊन बसतात. घरच्यांनी द्यायचे ते मूठभर कणी किंवा कोंडा, फुटक्या मडक्याच्या खापरात पाणी आणि रात्रीचे बंद दार. महाराष्ट्राच्या खेड्यात ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला ‘पालन’ असे वजनदार नाव फार उशिरा मिळाले. गाय पाळली जाई, बैल पोसला जाई. कोंबड्या नुसत्या असत. त्यांच्याकडे सरकारदरबारचे लक्ष गेले ते त्यांच्या सुधारणेचा प्रश्न निघाला तेव्हा. आणि सुधारणा करू पाहणाऱ्यांना गावठी कोंबडीची जी खोड सर्वांत जास्त खुपली, ती म्हणजे तिचे खुडूक होणे, अंडी देणे थांबवून अंड्यांवर बसून राहणे. परसातल्या कोंबडीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बराचसा या एका खोडीभोवती फिरतो.

कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. सगळ्या पाळीव कोंबड्या या एकाच जातीपासून निघाल्या, असे चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये मांडले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम केलेल्या एडवर्ड ब्लाइथच्या निरीक्षणांचा त्याला मोठा आधार होता. २०२० मध्ये आठशेंहून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यातून या रानकोंबड्याची जी उपजात माणसाळली तिचा मुलूख नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार असा निघाला. दोन वर्षांनी जुन्या हाडांची फेरतपासणी झाली, तेव्हा नक्की पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली ठरली. भात आणि भरड धान्याची शेती सुरू झाली, धान्य सांडू लागले, आणि त्या दाण्यांमागे रानपक्षी वस्तीत आला, असा या अभ्यासाचा रोख आहे. म्हणजे कोंबडीला माणसाने पकडून आणले म्हणण्यापेक्षा ती उकिरड्याच्या वाटेने घरात शिरली म्हणणे जास्त बरोबर. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर सापडलेल्या कोंबडीच्या हाडांविषयीची जुनी खात्री त्यामुळे बरीच सैल झाली आहे.

डार्विनचे म्हणणे एका बाबतीत अपुरे ठरले, आणि तिथे सह्याद्रीचा संबंध येतो. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे ओरडतो तो करडा रानकोंबडा. तो दक्षिण आणि पश्चिम भारताचा रहिवासी. तांबडा रानकोंबडा महाराष्ट्रात फक्त पूर्व विदर्भाकडच्या जंगलांत भेटतो. जगभरच्या बहुतेक व्यापारी कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्यात नाही, ते करड्याकडून आले आहे, असे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले. पाळीव कोंबडी या बाजूला पोचल्यावर कुठे तरी रानच्या कोंबड्याशी तिचा संकर झाला आणि त्याची खूण आज जगातल्या कुठल्याही खाटकाच्या फळीवर दिसते.

भारतात कोंबडी लवकरच घरची झाली. ‘कुक्कुट’ हे नावच तिच्या आवाजावरून पडले आहे. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत स्वर सांगताना जे सूत्र रचले, त्यातला चढत जाणारा ‘उ’ कोंबड्याच्या आरवण्यावरून घेतला, असे व्याकरण शिकवणारे परंपरेने सांगत आले आहेत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबड्यांना खच्ची करू नये अशी आज्ञा आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात मांस वाढावे म्हणून कोंबडा खच्ची करण्याची रीत सर्रास असल्याशिवाय ती दगडावर कोरावी लागली नसती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवण्याचे तंत्र आहे. मात्र ज्या मनुस्मृतीने रानातल्या कोंबड्याबद्दल मौन पाळले, तिनेच ग्रामकुक्कुट, म्हणजे गावातला कोंबडा, लसूण, कांदा आणि गावडुकराच्या पंगतीला बसवून वर्ज्य ठरवला. कारण उघड आहे: हा पक्षी उकिरड्यावर चरतो. ज्या सवयीमुळे तो गरिबाला फुकट पोसता आला, त्याच सवयीमुळे तो सोवळ्यातून बाद झाला.

महाराष्ट्रात याचा परिणाम असा की कोंबडी हे घराच्या जातीचे आणि पंथाचे चिन्ह बनले. ब्राह्मणवाड्यात खुराडे नसे. माळकऱ्याच्या घरी कोंबडी शिजत नसे. कुणबी, कोळी, आगरी, भंडारी, दलित, आदिवासी, मुसलमान आणि वसईच्या वाड्यांतले ख्रिस्ती यांच्या परसात ती हटकून असे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत जातीजातींच्या वर्णनात बकरे, कोंबडी आणि मासळी खातात की नाही ही नोंद पुन्हा पुन्हा येते, ती याच कारणाने. ज्या घरांत कोंबडी होती तिथे ती देवालाही चालत होती. म्हसोबा, वेताळ, मरीआई आणि गावोगावची ग्रामदैवते कोंबडा घेतात. तळकोकणात वाडीच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबड्याची ‘राखण’ द्यायची पद्धत आहे. आषाढ संपून श्रावण लागण्याआधीच्या दिवसांत परसातल्या जादा नरांची संख्या झपाट्याने कमी होते, आणि मालवणी घरात सागोतीबरोबर वडे तळले जातात. हिशेबाने पाहिले तर या रीतीत शहाणपण आहे: पिलांत निम्मे नर निघतात आणि कळपाला एक-दोन नरच पुरतात. बाकीचे पाहुण्याला, जावयाला किंवा देवाला.

भाषेनेही परस जपले आहे. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण ज्याने कोंबड्यावर डालगे कधी उपडे घातलेले पाहिले नाही त्याला अर्धीच कळते. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली. खेड्यात ती कोंबडी झाकायला रोज लागते. अभ्यास न करणाऱ्या पोराला शाळेत ‘कोंबडा’ करत, आणि भुरट्या चोराला ‘कोंबडीचोर’ म्हणत, कारण घरातली सर्वांत सहज बगलेत मारून नेता येणारी मालमत्ता तीच.

ही मालमत्ता बाईची होती. जमीन नवऱ्याच्या नावे, बैल नवऱ्याच्या हातात, पण कोंबड्यांचा हिशेब घरधनीण ठेवी. अंडी गाडग्यात कोंड्यात किंवा राखेत खुपसून ठेवलेली असत. त्यांतली किती घरात खायची, किती दुकानात देऊन मीठ-मिरची-चहापूड आणायची आणि किती उबवायला राखायची हे ती ठरवी. अडीनडीला तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, बाजाराच्या दिवशी पायाला सुतळी बांधून नेली जाई. पोराची वही-पाटी, औषध, भाऊबीजेची तयारी त्यातून निघे. कोणाला विचारावे लागत नाही असा हा पैसा होता. त्याची सरकारी उत्पन्नात कधी गणती झाली नाही.

यासाठी लागणारे कसब लहानसहान पण नेमके होते. सकाळी खुराड्याचे दार उघडताना एकेका कोंबडीला हाताशी धरून, करंगळीने चाचपून, आज ती अंडे देणार की नाही हे पाहिले जाई. जिच्यात अंडे लागले तिला सोडायचे नाही, डालग्याखाली ठेवायचे. नाही तर ती शेजारच्या गवताच्या गंजीत नाही तर कुंपणाच्या निवडुंगात जाऊन अंडे घालून येते आणि वर आपल्याच अंगणात येऊन ओरडते. नवी विकत आणलेली कोंबडी तीन-चार दिवस पायाला दोरी बांधून ठेवली की तिला घर कळते. पंखाला किंवा पायाला रंगीत चिंधी, नाही तर नखाचा एक तुकडा छाटलेला, ही ओळखीची खूण. तरीही कोणाची कोंबडी कोणाच्या परड्यात अंडे घालते आणि कोणाच्या वाळवणात कोणाचा कळप शिरतो यावरून गावात जेवढी तोंडे वाजली तेवढी बांधावरूनही वाजली नसतील. खुराडे दगडमातीचे, बहुधा पडवीच्या जोत्यात किंवा पायरीखाली कोरलेले. दार म्हणजे एक सपाट चीप. संध्याकाळी कोंबड्या एकापाठोपाठ आत शिरत आणि बाई मोजत असे. एक कमी भरली की कंदील घेऊन शोध सुरू होई, आणि बहुतेक वेळा ती शेवग्याच्या फांदीवर बसलेली सापडे.

आता खुडूक होण्याविषयी. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी अंड्यांवरून उठेनाशी होते. पिसे फुगवते, अंग पसरते, जवळ गेले तर घशातून कुरकुर करते आणि हाताला चोच मारते. पोटाखालची पिसे झडून कातडी उघडी पडते, म्हणजे अंड्यांना थेट ऊब लागते. शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याचा हा परिणाम आहे. घरधनिणीच्या दृष्टीने हा मुहूर्त असे. अंधाऱ्या कोपऱ्यात जुन्या टोपलीत राख, भाताचा पेंढा किंवा माती घालून घरटे केले जाई आणि त्यात नऊ, अकरा किंवा तेरा अंडी मांडली जात. आकडा विषमच. कोकणात या बसवण्याला रवण घालणे म्हणतात. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडतात या समजुतीने अनेक घरांत टोपलीत एखादा लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवला जातो. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात एकेक अंडे दिव्यापुढे धरून पाहायचे: आत शिरांचे जाळे दिसले तर ठेवायचे, नितळ दिसले तर पोरांच्या पानात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंडे कोमट पाण्यात सोडले तर आतल्या पिलाच्या हालचालीने ते हलते, हीही एक जुनी पारख आहे. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव सुरू होते.

तीन आठवडे कोंबडी दिवसातून एकदाच, काही मिनिटे उठते. दाणे टिपते, पाणी पिते, एक मोठी घाणेरडी विष्ठा टाकते आणि परत बसते. तिला कोणाची अंडी आहेत याचे भान नसते. बदकाची अंडी दिली तरी ती अठ्ठावीस दिवस बसून पिले काढते, आणि मग पहिल्यांदा तळ्याच्या काठाला गेल्यावर पिले पाण्यात शिरतात आणि आई काठावरून पंख आपटत, घसा फोडत पळत राहते. हा प्रसंग ज्या घरांत झाला तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. पिले निघाल्यावर पुढचे सहा-आठ आठवडे ती अंडी देत नाही. पिलांना उकरायला शिकवते, घार दिसली की एका वेगळ्याच तुटक आवाजात ओरडते, आणि क्षणात सगळी पिले पंखाखाली दिसेनाशी होतात. अंडी घालणे, बसणे आणि पिले सांभाळणे असा फेरा साधारण साडेतीन महिन्यांचा. वर्षात तीन-साडेतीन फेरे बसतात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीच देते, हे जे तिच्याविरुद्ध नेहमी सांगितले जाते, त्याचा उलगडा या फेऱ्यात आहे. उरलेला वेळ ती उबवणी यंत्राचे आणि दाईचे काम करते. ते काम अंड्यांच्या हिशेबात धरले जात नाही.

प्रत्येक खुडूक कोंबडी बसवणे परवडत नसे. पावसाळ्यात पिले जगत नाहीत, भर उन्हाळ्यात अंडी नासतात. एका घरात एका वेळी तीन कोंबड्या बसल्या तर अंडी कुठून आणायची? मग तिची खोड मोडायचे उपाय: थंड पाण्यात बुडवून काढणे, दोन दिवस डालग्याखाली उपाशी ठेवणे, तिचेच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार ओवून देणे. नाकातले पीस काढायच्या नादात ती अंडी विसरते, असा त्यामागचा विचार. उपाय क्रूर दिसतो, आणि आहेही.

निघालेल्या बारा पिलांपैकी मोठी किती होतील हे कोणी आधी सांगत नसे. दिवसा घार, कावळा आणि मुंगूस, रात्री रानमांजर आणि अंड्यांसाठी साप. मुंगूस खुराड्यात शिरले तर खाते एक, पण मारते सगळ्या. निम्मी पिले वाढली तर बाई समाधानी असे. पण या सगळ्या शत्रूंचे मिळूनही जेवढे नुकसान होत नाही तेवढे एका रोगाने होते. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात. कोंबडी सुस्त होते, हिरवट-पांढरी हगवण लागते, पंख लोंबतात, मान वाकडी होऊन पाठीवर पडते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. एका घरी लागली की आळीच्या आळी साफ. हाच शब्द महाराष्ट्रात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही वापरला गेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात ‘मानमोडीचे साल’ म्हणजे माणसे मेलेले साल.

शास्त्रीय नोंदीत या रोगाचे नाव वेगळ्याच गावावरून पडले. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कोंबड्यांची अशी साथ आली. त्याच सुमारास कुमाऊँमधल्या राणीखेतला ती नोंदवली गेली. जगाने तिला न्यूकॅसल रोग म्हटले, भारताने राणीखेत. लस तयार झाली ती राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, १९४० च्या दशकात. या प्रयोगशाळेची सुरुवात मात्र पुण्यात झाली होती: १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यात स्थापन झाली आणि चार वर्षांनी डोंगरावर मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. तेव्हा काम होते गुरांच्या आणि घोड्यांच्या रोगांवर. कोंबडी कोणाच्या गावीही नव्हती.

लस निघाली तरी ती परसात पोचायला अडचण होती, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. लशीची कुपी एकदम शंभर-दोनशे पक्ष्यांना पुरेल एवढी असते, थंड ठेवावी लागते आणि फोडल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. एका घरात कोंबड्या आठ. सगळ्या आळीने एकाच दिवशी, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, दार बंद ठेवून वाट पाहिली तरच ती लावता येते. ऑस्ट्रेलियात पुढे उष्णता सहन करणारी लस तयार झाली, ती आफ्रिका-आशियातल्या खेड्यांसाठीच. महाराष्ट्रात मात्र बहुतेक परसांत लस देणे हे पशुधन पर्यवेक्षकाच्या फेरीवर आणि एखाद्या चौकस बाईच्या पाठपुराव्यावरच अवलंबून राहिले.

सुधारणेचा विचार याआधीच सुरू झाला होता. इंग्रज अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना गावठी अंडे लहान वाटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प अशा परदेशी जाती येऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतले. १९६० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने देशभर पसरलेल्या उपयुक्त पोषण आहार कार्यक्रमात गावोगावी कोंबड्यांचे गट दिले गेले, अंडी आधी गरोदर बायांना आणि पोरांना मिळावीत असा त्याचा उद्देश. सुधारित जातीचा नर गावात द्यायचा आणि गावठी नर काढून टाकायचा, म्हणजे पुढची पिढी आपोआप सुधारेल, ही कल्पनाही तेव्हाचीच. कागदावर ती निर्दोष होती. परसात लेगहॉर्न टिकली नाही. पांढरीशुभ्र असल्याने घारीला ती फर्लांगावरून दिसे. उकिरड्यावर तिचे भागत नसे. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे ती खुडूक होत नसे. भूमध्य सागराकडच्या या जातीतून खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलेला होता, म्हणून तर ती वर्षाला दोनशे-अडीचशे अंडी देई. घरधनिणीला अंडी जास्त मिळाली, पण कोंबडी म्हातारी झाली की तिच्या जागी दुसरी आणायला परत उबवणी केंद्राकडे जावे लागे. ज्या व्यवस्थेत पैसा लागत नव्हता तिथे तो लागू लागला.

ज्याला पैसा घालता येत होता त्याने परस सोडले. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. या समूहाचे मुख्य ठाणे पुढे पुणे झाले. संकरित पिले, तयार खाद्य, लस आणि पिंजरा असा पूर्ण संच विकत मिळू लागला. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव शहरातल्या व्यापाऱ्याऐवजी उत्पादकांची संघटना जाहीर करू लागली. पिंजऱ्यातल्या कोंबडीला नर लागत नाही. तिचे अंडे फलित नसते. महात्मा गांधींनी आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात, दूध घेणाऱ्याला असे निर्जीव अंडे घ्यायला हरकत नसावी असे लिहिले होते. उद्योगाने हा मुद्दा उचलून धरला आणि ज्या घरांत मनुस्मृतीपासून कोंबडीला उंबरा ओलांडता आला नव्हता तिथे अंडे फ्रिजच्या दारात जाऊन बसले.

मांसाच्या कोंबडीची गोष्ट आणखी गमतीची आहे. ब्रॉयलरच्या नराकडची वंशरेषा कॉर्निश जातीची. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात ती घडवली गेली ती भारतातून नेलेल्या असील या झुंजार कोंबड्याच्या संकरातून. तिचे जुने नावच ‘इंडियन गेम’. असील हा रुंद छातीचा, आखूड पिसांचा, मरेपर्यंत न हटणारा पक्षी. त्याचे नातलग गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजारात अजूनही पायाला काती बांधून झुंजवले जातात. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ते बंद व्हायला हवे होते. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या वर्षाआड येत राहतात. झुंजीसाठी जपलेली ती छाती अमेरिकेचा फेरा करून सहा आठवड्यांत तयार होणाऱ्या ब्रॉयलरच्या रूपात भारतात परतली.

परस तरीही रिकामे झाले नाही. शासकीय संशोधकांनीही १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दिशा बदलली: पांढऱ्या परदेशी कोंबडीऐवजी रंगीत, उंच पायाची, गावठीसारखी दिसणारी पण दुपटीहून जास्त अंडी देणारी कोंबडी हवी. बंगळूरहून गिरिराज आली, हैदराबादहून वनराज आणि ग्रामप्रिया. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत लाभार्थ्याला पंचवीस माद्या आणि तीन नरांचा गट मिळतो, आणि शासन निर्णयात त्याचे नाव ‘तलंगांचा गट’ असेच आहे. खेड्यातल्या बाईचा शब्द मंत्रालयाच्या कागदावर असा फारसा पोचत नाही. खडकी, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून ही पिले वाटली जातात.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदके भरली, त्यांतली ३१.७ कोटी परसातली. आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती, तर व्यापारी फार्मवरची जेमतेम साडेचार टक्क्यांनी. यामागे योजना होत्या, तसाच भावही होता. शहरातल्या गिऱ्हाइकाला ‘गावरान’ हवे होते आणि तो ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट मोजायला तयार होता. ही मागणी आली तशा नकलाही आल्या. अंड्याच्या कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, चरण्यावर नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्यांचा माल ‘गावरान’ म्हणून विकणे त्यामुळे अगदी सोपे. झाबुआच्या काळ्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी सांगली भागात कडकनाथच्या नावाने जादा परताव्याचे आमिष दाखवल्याच्या तक्रारी होऊन गुन्हे नोंदले गेले. भिल्लांच्या झोपड्यांभोवती चरणाऱ्या कोंबडीवर शेतकऱ्यांनी कर्ज काढले, हे तिच्या साऱ्या इतिहासात प्रथमच घडत होते.

याच काळात परसाला एक नवी भीती चिकटली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. सुरुवातीला कोंबड्या मरत होत्या तेव्हा अनेकांना ती नेहमीची मानमोडीच वाटली. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केल्यावर नवापूरच्या फार्मवरच्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. फार्मवरचे काम मोठे पण सरळ होते. आजूबाजूच्या पाड्यांत मात्र दारोदार जाऊन, झाडावरच्या, गोठ्यातल्या, कुंपणातल्या कोंबड्या शोधून काढाव्या लागल्या. भरपाई पक्ष्यामागे ठरलेली होती. रवणीवर बसलेल्या कोंबडीखालच्या अंड्यांचा, म्हणजे दोन महिन्यांनी बाजारात जाणाऱ्या कळपाचा, भाव त्यात बसत नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला हाच रोग पुन्हा निघाला आणि पुन्हा तीच फेरी झाली.

वनराज आणि ग्रामप्रिया दोन्ही जाती खुडूक होण्यात मागेच आहेत. अंडी वाढवायची तर ती खोड घालवावीच लागते, हा जुना पेच त्यांनाही चुकला नाही. पिले हवीत तर उबवणी केंद्र गाठायचे, हे त्यांच्याबाबतीतही आले. खेड्यातल्या बायांनी यावर काढलेला तोडगा कुठल्या योजनेत नाही. गटात मिळालेल्या रंगीत कोंबड्यांबरोबर त्या एक-दोन गावठी कोंबड्या राखून ठेवतात. वनराजची फलित अंडी कोंड्यात जमवायची, आणि गावठी फुगून कुरकुरायला लागली की तिच्या टोपलीत ती अकरा मांडायची. अंडी नेहमीपेक्षा मोठी असल्याने पंखाखाली नीट मावत नाहीत, म्हणून काही घरांत आता नऊच ठेवतात.